महामारी, मजुरी आणि मराठी साहित्य

साहित्य आणि समाजजीवन यांच्या परस्परसंबंधाविषयी मराठीत पुष्कळ चर्चा झाली आहे. दुष्काळ, स्वातंत्र्यलढा, फाळणी, गिरण्यांचे संप, धरणे आणि विस्थापन यांचे साहित्यात उमटलेले पडसाद आपल्या समीक्षकांनी वेळोवेळी तपासले. त्या मानाने साथीच्या रोगांचा विचार थोडा झाला, आणि जो झाला तोही बहुधा मृत्यूच्या अंगाने. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा निराळा आहे. साथीत माणसे मरतात हे खरेच. परंतु जी मागे उरतात त्यांची मजुरी, त्यांची शेती, त्यांचे कर्ज आणि त्यांच्या घरातील खाणारी तोंडे व राबणारे हात यांचा मेळ पार बिघडून जातो. भारतासारख्या विकसनशील देशात बहुसंख्य माणसे गाठीशी शिल्लक नसताना दिवस काढतात. तेथे हा बिघाड रोगापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो. ह्या दुसऱ्या आणि दीर्घ परिणामाची दखल मराठी साहित्याने कितपत घेतली, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे. २०२० ची महामारी आता काही वर्षे मागे पडली आहे आणि तिच्याविषयीचे लेखन पुस्तकरूपाने स्थिर होऊ लागले आहे. अशा वेळी मागील दोन मोठ्या साथींच्या बाबतीत आपण काय लिहिले आणि काय लिहावयाचे राहिले, हे पाहणे अगत्याचे वाटते.

१

मुंबईत मांडवी भागात प्लेग शिरल्याचे निदान डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगश यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये केले. हे डॉक्टर मूळचे गोमंतकातील, बार्देशातील हडफडे गावचे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यातील घरतपासणी, त्या कामी लावलेले गोरे शिपाई, २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेला हल्ला आणि पुढे चापेकर बंधूंना झालेली फाशी हा इतिहास मराठी मनात पक्का रुजला आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगलाच बळी पडल्या. केशवसुत १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळी येथे प्लेगनेच गेले. धोंडो केशव कर्वे यांचा आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला, त्यालाही पुण्यातील प्लेग हे एक कारण होते.

ह्या प्लेगचे आपल्या वाङ्मयात पडलेले प्रतिबिंब मुख्यतः दोन प्रकारचे आहे. एक राजकीय. दामोदर हरी चापेकर यांनी कारागृहात लिहिलेले आत्मवृत्त, तत्कालीन वृत्तपत्रांतील लेख आणि त्या घटनेवर पुढे निघालेली चरित्रे व नाटके ह्या सर्वांत प्लेग हा परकीय सत्तेच्या अरेरावीचा प्रसंग म्हणून येतो. दुसरे प्रतिबिंब घरगुती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारख्या आत्मकथनांत प्लेगचे दिवस संसाराच्या ओघात येतात. कोण आजारी पडले, कोण धावून आले, कोणी दार लावून घेतले याच्या त्या आठवणी आहेत. दोन्ही प्रकारच्या लेखनाचे मोल मोठे आहे. लक्ष्मीबाईंची निर्मळ दृष्टी तर कुठल्याही काळातील लेखकाने हेवा करावा अशी. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये एक मोठे क्षेत्र रिकामे राहिले आणि ते कामाचे व कामकऱ्यांचे होय.

वस्तुतः मुंबईच्या इतिहासात प्लेगने घडविलेली सर्वांत विलक्षण गोष्ट ह्याच क्षेत्रातली आहे. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरातून १८९७ च्या आरंभी निम्म्याच्या जवळपास माणसे निघून गेली. गिरण्यांचे चाते थांबू लागले. एरवी महिनाअखेर उलटून गेल्यावर पगार देणारे मालक रोजच्या रोज रोकडा मोजू लागले. शहराच्या नाक्यांवर उभे राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली बोलू लागले. ज्याला कालपर्यंत जॉबरची मनधरणी करावी लागे, त्या कोकणातल्या वा देशावरच्या मजुराला काही महिने तरी आपल्या श्रमाची किंमत आपण सांगता आली. मग मालक एक झाले, माणसे परतली आणि पूर्वीची घडी पुन्हा बसली. कादंबरीकाराला ह्याहून समृद्ध विषय तो कोणता मिळावयाचा? भीती, लोभ, गावाची ओढ, धन्याची अगतिकता, मजुराची क्षणभर ताठ झालेली मान हे सारे त्यात आहे. तथापि हा विषय श्रमिकांच्या इतिहासाच्या ग्रंथांत राहिला. आपल्या कथाकादंबरीत त्याने घर केले नाही. त्या वेळचा मराठी लेखक पुण्याच्या वाड्यात किंवा गिरगावच्या चाळीत राहत होता. परळ-लालबागच्या खोल्यांत काय चालले आहे, हे त्याच्या कानावर बातमी म्हणून येई, अनुभव म्हणून येत नसे.

२

प्लेगच्या बाबतीत निदान अर्धे चित्र तरी उमटले. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या बाबतीत जवळजवळ संपूर्ण शांतता आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये साथ मुंबईत आली. तिची दुसरी, अधिक घातक लाट सप्टेंबरपासून देशभर पसरली. भारतातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. आजच्या भारताच्या सीमांमध्ये १९११ साली २५.२१ कोटी असलेली लोकसंख्या १९२१ च्या शिरगणतीत २५.१३ कोटी भरली. मध्यप्रांत-वऱ्हाड आणि मुंबई इलाखा, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांचेच प्रदेश, सर्वाधिक होरपळलेल्या भागांत होते. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला आणि महायुद्धामुळे आधीच चढलेले धान्याचे भाव अधिक चढले. खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी यांच्या ऐन हंगामात घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. ज्यांनी पेरावे तेच तापाने फणफणले होते.

ही साथ सर्वांवर सारखी पडली, असा समज असतो. आकडे तसे सांगत नाहीत. मुंबई शहरातील मृत्यूंचे प्रमाण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत दर हजारी ६१.६, इतर हिंदूंत १८.९ आणि युरोपियनांत ८.३ असे नोंदले गेले. स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक झाले. कारण आजाऱ्याची सेवा त्यांच्याकडे आणि घरातले उरलेसुरले अन्नही सर्वांच्या शेवटी त्यांच्याकडे. पुढे जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत लाखाहून अधिक कामगारांनी संप केला. साथीतून उठलेल्या, महागाईने पिचलेल्या माणसांचा तो संप होता. एका बाजूस साथ, दुसऱ्या बाजूस अवर्षण, तिसऱ्या बाजूस धान्याचे भाव आणि अखेरीस संप अशी ही साखळी नजरेसमोर ठेवली म्हणजे महामारीचा सामाजिक आणि आर्थिक परिणाम म्हणजे काय, हे कळते.

असे असून ह्या साथीला मध्यवर्ती स्थान देणारी आणि मराठी वाचकाच्या जिभेवर आजही असलेली एकही कादंबरी आपण दाखवू शकत नाही. असे का झाले? ह्या साथीला रँड नव्हता, म्हणजे रोष धरावा असा एक माणूस नव्हता, हे एक कारण. ती अवघ्या काही महिन्यांत येऊन गेली, हे दुसरे. परंतु खरे कारण हे दिसते की, ती मुख्यतः ज्यांच्या घरात शिरली त्या घरांत त्या काळी लिहिणारे कोणी नव्हते. हजारी साठ माणसे जेथे गेली तेथे लेखणी पोहोचली नव्हती. आणि लेखणी जेथे होती तेथे मृत्यूचे प्रमाण त्या मानाने कितीतरी कमी होते.

साहित्याने न घेतलेली ही नोंद पुढे एका अनपेक्षित ठिकाणी घेतली गेली. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात भारतातील इन्फ्ल्युएंझाचा उपयोग एका सिद्धान्ताच्या परीक्षेसाठी केला. मागासलेल्या देशांच्या शेतीत इतकी माणसे जास्तीची असतात की त्यांतली काही काढून घेतली तरी उत्पन्न घटत नाही, असे तेव्हा अनेक अर्थशास्त्रज्ञ मानीत. शुल्ट्झ यांनी दाखविले की साथीमुळे शेतीतील मनुष्यबळ सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाले आणि १९१९-२० मधील पेरा १९१६-१७ च्या मानाने ३.८ टक्क्यांनी घटला. म्हणजे ती माणसे जास्तीची नव्हती. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये ह्या कसोटीवर आक्षेप घेतले आणि त्यावर वाद झाला. वादाचा निकाल काहीही असो. आपल्या दृष्टीने त्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोट्यवधी मृत माणसांविषयी कोणीतरी एक मूलभूत प्रश्न विचारला: ही माणसे गेल्याने काही अडले की नाही? अर्थशास्त्राने त्याचे उत्तर एकरांत शोधले. त्याचे दुसरे उत्तर घराघरांत होते. कर्ता पुरुष गेल्यावर बैलजोडीचे काय झाले, विधवेकडे जमीन राहिली की भावकीने वा सावकाराने घेतली, आठ वर्षांचे पोर गुरांमागे गेले की गिरणीत, हे सारे त्या उत्तरात यावयाचे होते. ते देण्याचे काम कथाकादंबरीचे होते आणि ते राहून गेले. आज ती घरे नाहीत आणि सांगणारेही नाहीत.

३

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी वाचकाला एक लाभ सहज मिळालेला असतो. तो शेजारच्या भाषा वाचतो. इंदूर-ग्वाल्हेरकडचा हिंदी वाचतो, हैदराबादचा उर्दू ऐकत वाढतो, बेळगाव-धारवाडकडच्याला कन्नड परके नसते. ह्या शेजारच्या साहित्यांत साथीचे चित्रण कसे झाले आहे, हे पाहिले म्हणजे आपले उणे अधिक स्पष्ट होते.

हिंदीत सूर्यकान्त त्रिपाठी ‘निराला’ यांच्या ‘कुल्ली भाट’मध्ये १९१८ ची साथ येते. त्या साथीत निरालांची तरुण पत्नी गेली, घरातील इतर माणसे गेली आणि डलमऊच्या काठाने त्यांनी प्रेतांनी भरलेली गंगा पाहिली. ह्या चित्राचा नेहमी उल्लेख होतो. पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्यातील दुसरे सत्य. विशीतल्या एका तरुणाच्या माथी अल्पावधीत स्वतःच्या लेकरांबरोबर भावाची पोरकी मुलेही आली. साथ शोक देऊन थांबत नाही. ती मागे उरलेल्यावर पोटे सोपवून जाते. निरालांच्या पुढील आयुष्यातील ओढग्रस्तीचे एक मूळ ह्या काही आठवड्यांत आहे.

अहमद अली यांच्या ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ (१९४०) ह्या इंग्रजी कादंबरीत तीच साथ दिल्लीत येते. तेथे लेखकाने बाजार सोडलेला नाही. कबर खणणाऱ्यांचे दर चढतात, कफनाचे कापड महाग होते. मरणाचाही भाव वाढतो आणि तो गरिबाला परवडत नाही, हे तो एखाद्या जमाखर्चाप्रमाणे सांगतो. राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘क्वारंटीन’ ह्या उर्दू कथेत प्लेगच्या छावणीत अहोरात्र राबणारा भागू हा सफाई कामगार आहे. त्याची बायको प्लेगने जाते, तरी तो काम सोडत नाही. शेवटी सत्कार होतो तो कथा सांगणाऱ्या डॉक्टरचा.  श्रम कोणाचे आणि हार कोणाच्या गळ्यात, हे बेदींनी दाखविले आहे.

कन्नडमधील यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ (१९६५) ही कादंबरी मराठी वाचकांना सुपरिचित आहे. प्लेगने मेलेल्या नारणप्पाचे और्ध्वदेहिक कोणी करावे, ह्या प्रश्नाभोवती ती फिरते, आणि तिचे परीक्षण प्रायः धर्म व कर्मकांड यांच्या अनुषंगाने होते. परंतु चंद्री आपले दागिने पुढे ठेवते त्या क्षणी अग्रहारातील मते कशी डळमळतात, हे पुन्हा वाचून पाहावे. सोन्याच्या त्या ढिगाने शास्त्रार्थाचे स्वरूपच पालटते. आणि त्याच वेळी अग्रहाराबाहेरच्या झोपड्यांत माणसे मरत आहेत. त्यांच्यासाठी कोणताही शास्त्रार्थ होत नाही, प्रेतांसकट झोपडी जाळली जाते. हे मृत्यू कादंबरीच्या कडेने घडतात. लेखकाने ते कडेला ठेवले, पण पुसले नाहीत.

४

ह्यावरून मराठी लेखकाला दैन्याचे चित्रण साधत नाही, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे होईल. हरि नारायण आपटे यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळावरील गोष्ट मराठी कथेच्या आरंभकाळातली. दुष्काळ हे केवळ आकाशाचे कृत्य नसून माणसांच्या व्यवहारांत तो कसा शिरतो, याची जाण तीत आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त अखेरीस गाव रिकामे होते, ते केवळ पाऊस नाही म्हणून नव्हे, मेंढरांवर उभे असलेले एक अर्थकारण संपले म्हणून. माडगूळकर हे शब्दांत सांगत नाहीत, पण वाचकाला ते कळते.

ह्या संदर्भात सर्वांत विचारार्ह कथा अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही होय. वारणेच्या खोऱ्यातून मुंबईस आलेला आडदांड भीमा उपनगरातील खाणीवर कामाला लागतो. खाण बंद पडते. एकदा त्याला प्रेताच्या राखेत सोन्याचा कण सापडतो आणि तेथून त्याचा नवा उद्योग सुरू होतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात सापडून तो बोटे गमावतो. आणि बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते तेव्हा खाणीत चालणारा हात त्याच्यापाशी उरलेला नसतो. कथेत साथ नाही. तरीही आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती मोलाची आहे. कारण काम थांबणे हीच कामकऱ्याच्या बाबतीत मोठी आपत्ती असते आणि काम परत सुरू झाले म्हणजे नुकसान भरून येते असे नाही, हे तिने एका हाताच्या बोटांतून सांगितले आहे. अर्थव्यवस्था ‘पूर्वपदावर’ आल्याचे आपण ऐकतो, तेव्हा भीमाची आठवण व्हावी. खाण पूर्वपदावर आली. भीमा आला नाही. अण्णा भाऊ स्वतः लहानपणी वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईस आले होते. ह्या कथेतील खरेपणा वाचून मिळविलेला नाही.

५

आता २०२० कडे वळू. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती अमलात आली. मध्ये चार तास होते. ज्याच्या घरात महिन्याचे धान्य आणि बँकेत शिल्लक होती त्याला हे चार तास गैरसोयीचे होते. नाक्यावर उभे राहून रोजचे काम मिळविणाऱ्याला ते आयुष्य उलटवून टाकणारे ठरले. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून ह्या तिमाहीत देशाचे उत्पन्न मागील वर्षाच्या मानाने सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. एक कोटीहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. शेतीवर अवलंबून असलेल्या कामकऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते. ते २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेले. विकासाची वाट शेतीकडून उद्योगाकडे जाते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. येथे माणसे उलट्या दिशेने चालत गेली. रोजगार हमीवरील कामाचे मनुष्यदिवस एका वर्षात सुमारे २६५ कोटींवरून ३८९ कोटींवर गेले. शिधापत्रिकेवरील मोफत धान्यामुळे उपासमार पुष्कळ अंशी टळली, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे.

१८९७ आणि २०२० ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही वेळी मुंबईतून माणसांचे लोंढे बाहेर पडले आणि दोन्ही वेळी हाताशी कायदा तोच होता. परंतु प्लेगमध्ये माणसे रोगाला भिऊन पळाली आणि मालक त्यांना परत बोलावीत होते. २०२० मध्ये माणसे मुख्यतः भुकेला आणि भाड्याला भिऊन निघाली आणि पुष्कळांना थांबा म्हणणारे कोणी नव्हते. मुंबई-आग्रा रस्त्याने सेंधवा, इंदूर, गुणा, ग्वाल्हेर ह्या वाटेने हे लोंढे गेले. ते पाहणारे आणि त्यांना भाकरी देणारे ह्या पानांच्या वाचकांतही असतील. बीड-नगरकडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगावकडच्या सीमाभागात फडांवर अडकून पडले. अंगावर घेतलेली उचल फिटलेली नाही आणि गाव दूर, अशा अवस्थेत एप्रिलचा मध्य उलटेपर्यंत ते थांबले. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले मध्यप्रदेशातील सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. सप्टेंबरात संसदेत प्रश्न आला की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला. उत्तर मिळाले, अशी नोंद ठेवलेली नाही.

साहित्याचा विचार करणाऱ्याने हे उत्तर मनात जपून ठेवावे. जेथे शासनाची वही कोरी राहते तेथे साहित्याची जबाबदारी वाढते, असे निदान मला वाटते. १९१८ मध्ये निदान जनगणना होती, आरोग्याधिकाऱ्यांचे अहवाल होते. त्यांच्या आधारे शंभर वर्षांनंतरही काही सांगता येते. २०२० च्या ह्या वाटचालीचा पुष्कळ भाग लिहिला गेला नाही तर तो राहणारच नाही.

आणि येथे आपल्या सांप्रतच्या लेखनाविषयी एक चिंता नमूद करावीशी वाटते. टाळेबंदीच्या काळात मराठीत दैनंदिन्या, ललित लेख आणि कविता विपुल लिहिल्या गेल्या. त्यांतील एकांत, आप्तवियोग, रुग्णालयाच्या दारातली हतबलता ही दुःखे खरी आहेत. त्यांना कोणी गौण लेखू नये. परंतु ह्या लेखनापैकी पुष्कळसे खिडकीतून केलेले आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, पण रस्त्यावरच्या माणसाच्या गाठोड्यात काय आहे ते दिसत नाही. चालणारी पावले, फुटलेल्या टाचा, डोक्यावरचे बोचके ह्या प्रतिमा कवितेत इतक्या वेळा आल्या की त्यांतून माणूस निघून गेला. तो कोणत्या कामावर होता? ठेकेदाराकडे त्याचे किती खाडे मांडले गेले आणि किती दिवसांची मजुरी थकली? खोलीचे भाडे कोणी मागितले? भिशीचे पैसे परत मिळाले काय? गावी गेल्यावर वाटणीच्या दीड एकरात चौथा भाऊ म्हणून त्याचे स्वागत कसे झाले? मुलीची शाळा सुटली ती पुन्हा सुरू झाली की तिचे लग्न उरकले? ह्या प्रश्नांच्या वाटेला जाणारी कविता क्वचितच आढळते. करुणा आहे, पण माहिती नाही; आणि माहितीवाचून करुणा फार दिवस टिकत नाही.

६

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. मजुरी, भाडे, कर्ज यांचा हिशेब हे अर्थशास्त्राचे काम; साहित्याचे काम मानवी मनाच्या शोधाचे. साहित्याला अहवालाचे रूप आले तर त्याचे साहित्यपण जाईल. ह्या आक्षेपाला उत्तर म्हणून साथीवरील पाश्चात्त्य साहित्याच्या दोन अग्रगण्य कृतींकडे बोट दाखविता येईल. डॅनिएल डिफो यांचे लंडनच्या १६६५ च्या प्लेगवरील पुस्तक १७२२ मध्ये प्रसिद्ध झाले. डिफो हाडाचे व्यापारी. कोणकोणते धंदे बसले, कारागीर कसे बेकार झाले, घरकाम करणारी माणसे मालकांनी कशी काढून टाकली, हे ते बारकाईने मांडतात. आणि त्या तपशिलामुळेच तीनशे वर्षांनंतरही ते शहर आपल्याला जिवंत वाटते. हिशेबाने तेथे कलेची हानी केली नाही, तिला पाया दिला. उलट आल्बेर काम्यू यांच्या ‘ला पेस्त’ (१९४७) ह्या थोर कादंबरीत आरंभी एक पत्रकार ओरान शहरातील अरबांच्या राहणीविषयी विचारपूस करतो. नंतर तो धागा सुटतो आणि त्या शहरात अरब माणूस जवळजवळ दिसेनासा होतो. मृत्यूसमोर उभ्या असलेल्या मानवाचे चिंतन तीत असामान्य उंचीचे आहे, पण त्या मानवाच्या घरी भांडी घासणारा कोण, हे कळत नाही. एवढ्या मोठ्या कलाकृतीतही ही पोकळी जाणवते. मग लहान कृतींत ती न जाणवेल कशी?

अर्थात ह्याचा अर्थ लेखकाने आकडे ओतावेत असा नाही. ‘स्मशानातील सोनं’मध्ये एकही आकडा लागत नाही. लेखकाला एवढेच ठाऊक असावे लागते की आपल्या पात्राच्या घरात पैसा कोठून येतो आणि तो थांबला म्हणजे पहिल्यांदा काय विकले जाते. हे ज्ञान अनुभवाने मिळते. ते ज्याच्यापाशी नाही त्याने कष्टाने मिळवावे. दलित आत्मकथनांनी मराठीला हा धडा एकदा दिलाच आहे. मरणाची वार्ता परगावी पोहोचविण्याचे काम कोणाचे आणि त्याचा मोबदला काय, हे त्यांनी लिहिले तेव्हाच मराठी साहित्यातील मृत्यूला पहिल्यांदा बलुत्याचा संदर्भ मिळाला.

वेळ अजून गेलेली नाही. डिफो यांचे पुस्तक प्लेगनंतर सत्तावन्न वर्षांनी आले, निरालांचे दोन दशकांनी. त्या दीर्घ वाटचालीतून गेलेली मुले आज शिकत आहेत. कदाचित त्यांच्यापैकीच कोणी हे पुस्तक मराठीत लिहील. कदाचित ते हिंदीत वा छत्तीसगढीत लिहिले जाईल आणि आपल्याला भाषांतराने मिळेल. तोवर संस्थांना आणि नियतकालिकांना करण्यासारखे काम आहे. ज्यांच्या हाती लेखणी नाही त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घेणे, आणि नावगाव गुप्त ठेवण्याची त्यांची इच्छा असेल तर तीही पाळून त्या जपणे, हे फार खर्चाचे काम नव्हे. आपल्या शाखा ज्या गावांत आहेत त्यांतील कित्येक गावे त्या वाटेवरच आहेत. १९१८ च्या माणसांकडे कोणी गेले नाही. २०२० ची माणसे अजून हयात आहेत; त्यांना विचारता येईल.